हौद पाडायला नारळ

आमच्या गावचा हौद पाडला त्या सकाळी आधी नारळ फोडला. नवीन कामाचं भूमिपूजन करतात तसा. हौदाला हळदकुंकू लावलं, फटीत अगरबत्ती खोचली, नारळ सरपंचबाईंच्या हातात दिला, आणि फोटो निघाल्यावर तो त्यांच्या हातातून काढून घेऊन उपसरपंचांनी फोडला. मग त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला.

मी समोर दुकानात गादीला टाके घालत बसले होते. पहिला दगड निघाला तेव्हा हातातली सुई आहे तिथेच राहिली. खोबऱ्याचा तुकडा आमच्या दुकानातही पाठवला होता, प्रसाद म्हणून. मी तो घेतला नाही. नवऱ्यानं घेतला आणि खाल्लाही. त्यावरून आमच्यात बरेच दिवस वाजत होतं. तो म्हणायचा, "अगं, खोबऱ्याचा काय दोष?" मी म्हणायचे, दोष खोबऱ्याचा नाही, खाणाऱ्याचा आहे.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या, उशा, रजया भरायच्या. अब्बांच्या काळात धनुकली होती, आता मशीन आहे. दुकान गावच्या चौफुलीवर, म्हणजे तळोद्याकडून येणारा रस्ता जिथे डोंगराकडे वळतो तिथे. धडगावकडे जाणाऱ्या जीपा इथेच थांबतात, भरेपर्यंत हलत नाहीत. आणि जीपा थांबतात त्या जागेला लागूनच हौद होता. माझं माहेर हेच गाव, सासरही हेच गाव. नवरा अब्बांच्याच हाताखाली काम शिकला. त्यामुळे शाळेची वर्षं सोडली तर माझा सगळा जन्म त्या हौदाकडे तोंड करून गेला आहे.

हौद काळ्या दगडाचा, माणसाच्या छातीएवढा उंच. त्याला चार पितळी तोट्या. खालच्या अंगाला लांबट हाळ, गुरांना पाणी प्यायला. वर नाल्याच्या काठाला विहीर आहे, तिथून बिडाच्या पाइपानं पाणी यायचं. कुणी बांधला यावर गावात एकमत नाही. एका दगडावर नाव कोरलेलं होतं, पण घागरी टेकवून टेकवून ते पुसून गेलं होतं. कुणी म्हणे एका व्यापाऱ्यानं बायकोच्या आठवणीत बांधला, कुणी म्हणे दुष्काळी कामात सरकारनं. अब्बा एवढंच सांगायचे की विहीर डोंगरातल्या माणसांनी खोदली. धान्याच्या मजुरीवर. आणि पाणी लागून हौद भरला, तेव्हा त्याच माणसांना तोटीला हात लावायला मनाई झाली. त्यांनी खालच्या हाळातून ओंजळीनं प्यायचं. गुरांचं पिऊन झाल्यावर.

हे अब्बांनी मला गोष्ट म्हणून सांगितलेलं नाही. मी लहानपणी हाळात पाय बुडवून बसले होते, तेव्हा त्यांनी खस्सकन मला उचललं आणि म्हणाले, "यातून माणसं पाणी पीत होती. पाय घालू नकोस." मी विचारलं कोणती माणसं, तेव्हा पुढचं सांगितलं.

त्यांच्या तरुणपणी, एका बाजाराच्या दिवशी, डोंगरातली एक बाई कडेवर तान्हं घेऊन सरळ तोटीपाशी गेली. उन्हाळा होता, हाळात शेवाळ आणि शेण होतं. तिनं तोटी सोडली आणि पोराच्या तोंडाला ओला हात लावला. गावातल्या एकानं तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं. ती पडली, पोर वाचलं. तिच्याबरोबरची माणसं काही बोलली नाहीत. त्यांनी आपापल्या टोपल्या उचलल्या, हौदाभोवती नेऊन ठेवल्या आणि तिथेच बसली. चारोळी, डिंक, मोहफुलं, झाडण्या, सगळं फडक्यानं झाकून ठेवलं. व्यापारी शहाद्याहून, नंदुरबारहून आलेले. त्यांनी भाव विचारला तर उत्तर नाही. भाव वाढवला तरी उत्तर नाही. मागून उतरलेली माणसंही येऊन बसत गेली. दुपार कलली, व्यापाऱ्यांच्या गाड्या रिकाम्याच. मग व्यापारीच गावकऱ्यांवर ओरडायला लागले. शेवटी एका व्यापाऱ्यानंच उठून चारही तोट्या मोकळ्या सोडल्या आणि म्हणाला, "प्या बाबांनो, प्या आणि माल दाखवा."

"तुम्ही काय करत होतात?" मी अब्बांना विचारलं होतं.

"दुकानात बसलो होतो. बघत होतो," ते म्हणाले.

त्यानंतर हाळ गुरांचा राहिला आणि तोट्या सगळ्यांच्या झाल्या. आधी फक्त बाजाराच्या दिवशी, मग हळूहळू रोज. मला कळायला लागलं तेव्हा कुणाला तोटीवरून हटकलेलं मी पाहिलं नाही. भांडणं मात्र रोज पाहिली. आणि केलीही.

माझं मोठं भांडण होतं ते समोरच्या आक्काशी. आक्का म्हणजे हौदाच्या पलीकडच्या पाटलांच्या घरातली सून. आता विधवा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज असा की जीपवाले हॉर्न वाजवायचे थांबतात. माझं नवं लग्न झालं होतं तेव्हा एकदा तिनं माझी घागर रांगेतून उचलून बाजूला ठेवली. मी तिची कळशी उचलून हाळात टाकली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी फक्त भांडायलाच बोलत होतो. ती रस्त्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये हौद. सण गेले, पोरांची लग्नं झाली, तिचा नवरा गेला. तिच्या दारात मी बसायला गेले, तीही अब्बा गेले तेव्हा आली. पण बोलणं नाही.

मग त्याच विहिरीवरून घरोघरी नळाची योजना आली. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. घागर घेऊन रस्ता ओलांडायचा नाही, रांग नाही, आक्काचं तोंड बघायचं नाही. सकाळी तासभर पाणी येतं, तेवढ्यात घरातलं सगळं भरून होतं. पहिल्या दिवशी मी नळाखाली हात धरून उगाचच उभी राहिले होते. ज्यानं कुणी ही योजना काढली त्याचं भलं होवो, असं मी मनापासून म्हटलं. आजही त्या नळाबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पुढे जे झालं त्याबद्दल आहे. गाव 'शंभर टक्के नळाचं' म्हणून जाहीर व्हायचं होतं. बाहेरून माणसं तपासायला येणार होती. कुणीतरी डोकं चालवलं की त्यांना जर रस्त्यावर बायामाणसं हौदावर पाणी भरताना, पिताना दिसली, तर ते म्हणतील नळ असून लोक बाहेर का पितात? तेव्हा हौदच नको. ग्रामसभा घेतली म्हणे. केव्हा घेतली, कुणी ऐकली, कुणालाच माहीत नाही. मी चौफुलीवर बसते, माझ्यासमोरून गावातलं कुत्रं जरी गेलं तरी मला कळतं. ग्रामसभेची दवंडी मला ऐकू आली नाही.

हौद गेला. चार दिवस धूळ उडाली. दगड कुठे गेले विचारू नका, दोन मी एका बड्या घराच्या पायरीला लागलेले पाहिले. तपासणारे आले, चौफुलीवर गाडीतून उतरलेही नाहीत. गावाला पाटी मिळाली.

आता मला सांगा, हौदावर पाणी कोण पीत होतं? ज्यांच्या घरी नळ आला ते तर पहिल्या दिवसापासून घरीच भरत होते. हौदावर राहिले होते ते ज्यांचं घर या गावात नाहीच. धडगावच्या जीपा भरायची वाट बघणारी माणसं. तळोद्याच्या दवाखान्यातून, आश्रमशाळेतून, ऑफिसातून परतणारी. ऊसतोडीला उतरलेली, पुरुषोत्तमनगरकडच्या शेतांत पाचटाच्या कोप्या घालून राहणारी. त्यांचं नाव आमच्या गावच्या कुठल्याच नळाला लागणार नव्हतं. म्हणजे गाव शंभर टक्के झालं ते त्यांना वजा करून. आणि हे करणाऱ्यांना ते कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्यांना सगळं कळत होतं.

उन्हं तापायला लागल्यावर पाण्यासाठी दारं वाजायला लागली. आधी लोक चहाच्या हॉटेलात जायचे. हॉटेलवाल्यानं पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या आणि माठ आत नेला. एके दुपारी एक म्हातारी तिथून बाहेर पडताना मी पाहिली. एका हातात दवाखान्याची पिशवी, दुसऱ्यात काठी. तिनं हौदाच्या जागेकडे पाहिलं. तिथे उखडलेला चौथरा आणि खडी. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, जणू आपलंच काहीतरी चुकलंय, जागा चुकलीय. मग माझ्या दुकानाच्या पायरीशी आली. तिची बोली मला नीट येत नाही, पण तिनं हाताची ओंजळ करून तोंडाशी नेली.

मी आतून तांब्या आणला. तिला म्हटलं, तांब्यानं पी. तरी ती ओंजळच पुढे करत राहिली, वरून ओतायला सांगत राहिली. त्या ओंजळीनं माझं डोकं फिरलं. मी तांब्या तिच्या हातात दिला, तिची बोटं त्याच्याभोवती दाबली आणि म्हणाले, "यानंच." ती प्यायली. दोनदा प्यायली. मग पायरीवर बसून जीप भरेपर्यंत पदरानं वारा घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दोन माठ आणले. दुकानाच्या कडेला तिवई ठेवली, वर माठ, साखळीला स्टीलचे पेले. नवरा म्हणाला, "आपण कशाला पुढे व्हायचं? दिवस बघतेस ना कसे आहेत?"

"पाणी पाजायला दिवस बघायचे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत."

सकाळी उठून तो स्वतःच माठ भरायला लागला. तो तसाच आहे. आधी घाबरतो, मग काम करतो.

काही दिवस बरे गेले. जीपवाले पोरींना, म्हाताऱ्यांना माझ्याकडे बोट दाखवायचे. ऊसतोडीच्या बाया पाण्याबरोबर थोडी सावलीही घ्यायच्या. मग गावातून कुजबूज यायला लागली. एकानं तोंडावर विचारलं, "भाभी, हौदाच्या जागेवर काही बांधायचा विचार आहे काय तुमच्या लोकांचा?" मला आधी कळेचना. बांधायचं म्हणजे काय? नवऱ्याला कळलं, दर्गा-मशीद असं काही म्हणायचं होतं त्याला. त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी मोबाइलवर माझ्या माठांचा व्हिडिओ काढून फिरवला होता, की बघा, पाण्याच्या नावाखाली चौफुलीवर जागा धरायचं चाललंय. माठाचं तोंड बारा इंचाचं, त्यात मी काय धरणार होते?

एका सकाळी दुकान उघडायला आले तर दोन्ही माठ फुटलेले. तिवई उताणी. पेले साखळीसकट नाल्यात. पाणी रस्त्यावरून वाहून हौदाच्या जुन्या खड्ड्यात साचलं होतं.

मी रडले नाही. मला रडूच येईना. कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, पण कुणाला ते समजत नव्हतं. ज्यानं फोडले तो माझ्याच दुकानातल्या गादीवर झोपत असणार. या गावातल्या बहुतेक गाद्या आमच्याच हातच्या आहेत. नवरा झाडू घेऊन खापऱ्या गोळा करायला लागला आणि म्हणाला, "झालं. आता सोड."

तेवढ्यात रस्ता ओलांडून आक्का आली. अब्बा गेले तेव्हा सोडलं तर इतक्या वर्षांत ती आमच्या पायरीशी आली नव्हती. कमरेवर हात ठेवून खापऱ्यांकडे पाहत राहिली.

"कोन फोडं?" तिनं विचारलं.

"मी काय राखण करत बसले होते?" मी फटकारलं.

"माले काय खेकसस? मी फोडात का?" मग जरा थांबून म्हणाली, "आयक. मन्हा भितले नळ काढू. रस्तानी बाजूले. आठे पिसान लोके."

म्हणजे तिच्या घराच्या भिंतीतून नळ बाहेर काढायचा, रस्त्याच्या बाजूला, लोक तिथे पितील.

"माझे माठ होते ते काय वाईट होते?" मी म्हणाले. मला राग तिचाही येत होता. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

"तुन्हा माठ फोडतस," ती म्हणाली. "मन्हा भितवरना नळ कोन फोडस, देखू."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त लागलं. पाणी तेच. विहीर तीच, टाकी तीच. माझ्या दारातलं फुटतं आणि तिच्या दारातलं फुटणार नाही, आणि हे आम्हा दोघींनाही सांगायला लागत नाही. मी तिला तसं म्हटलं. म्हटलं, "आक्का, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलता आहात?"

"कळस ना," ती म्हणाली. "कळस म्हनीसनच सांगी ऱ्हायनी. तुन्हा राग खरा शे. पन रागवर पानी निघस का?"

मी नवऱ्याच्या हातातला झाडू घेतला आणि पायरी झाडायला लागले. संध्याकाळी मात्र नवऱ्याला घेऊन तिच्याकडे गेले. पाणी तासभरच येतं, म्हणून नळ नुसता काढून चालणार नव्हता. तिच्या ओट्यावर मोठा ड्रम बसवला, त्याला खाली तोटी लावून ती भिंतीबाहेर काढली. ड्रम आमच्याकडचा, तोटी तिच्याकडची. काम करताना आमचं दोनदा भांडण झालं, एकदा तोटीच्या उंचीवरून, एकदा माझा नवरा तिच्या ओट्यावर चपला घालून चढला म्हणून.

नळ चालू झाला. कुणी फोडला नाही. पंचायतीची नोटीस आली. घरगुती जोडणीचं पाणी घराबाहेर देणं नियमात बसत नाही, जोडणी तोडण्यात येईल. आक्कानं ती नोटीस दुकानात आणून माझ्या मांडीवर टाकली. "तू शाळा शिकेल शे. वाच."

मी वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून तिनं विचारलं, "मन्हा घरनी म्हैस रस्तावर पानी पीस. तिले बी नोटीस शे का?"

या वेळी ग्रामसभेची दवंडी आम्हाला ऐकू आली, कारण कधी आहे, कधी आहे म्हणून आक्का रोज पंचायतीच्या दारात जाऊन ओरडत होती. आम्ही दोघी गेलो. पंचायतीच्या बाहेरची भिंत नव्यानं रंगवलेली होती, आणि तिच्यावर चित्र काढलेलं होतं. आमचा हौद. काळे दगड, चार तोट्या, आणि चांदीच्या दागिन्यांनी मढलेली डोंगरातली एक बाई हसत हसत तोटीनं पाणी पिते आहे. वर लिहिलेलं, 'आमचा वारसा'.

मी चपला काढता काढता तशीच उभी राहिले. रंग अजून ओला होता. आधी पाडायचा आणि मग भिंतीवर काढायचा. आणि तीही काय हसतेय! अब्बांनी सांगितलेली ती बाई, दंडाला धरून मागे ओढलेली, ती हसली असेल का तोटीपाशी? आक्का मला ओढून आत घेऊन गेली.

उपसरपंच बोलत होते. ते नेहमी गोड बोलतात. "भाभी, तुमच्या घरी नळ आला का नाही?"

"आला."

"आक्का, तुमच्या?"

"उना ना."

"मग प्रश्न कुणाचा आहे? गावातल्या एकाही माणसाची पाण्याची तक्रार नाही."

"ज्यांची आहे ते गावातले नाहीत," मी म्हणाले. "ते जीपच्या टपावर बसून धडगावला चालले आहेत. त्यांना सभेला बोलावलंत का?"

"बाहेरच्या लोकांची सोय करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक नाही."

"बाहेरचे?" माझा आवाज चढला. तो चढला की मला खाली आणता येत नाही. "विहीर कुणी खोदली? तुमच्या आजानं का माझ्या आजानं? तुमच्या नळाला पाणी येतं ते कुठल्या विहिरीचं येतं? ज्यांनी खोदली ते बाहेरचे, आणि आपण दोघं आतले?"

"भाभी, शांत व्हा. जुनं काढून उपयोग नाही."

"मग भिंतीवर कशाला काढलंत?"

मागे कुणीतरी हसलं. उपसरपंचांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ग्रामसेवक नियमाचं काही वाचायला लागले. आक्का उठली आणि त्यांच्यावर असा काही आवाज टाकला की ते वाचायचं विसरले. "पानी शे ते, इख नही! आम्हना घरनं आम्ही कोले बी देसुत!" पाणी आहे ते, विष नाही, आपल्या घरचं ती कुणालाही देईल.

सरपंचबाई तोवर खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या. त्या गावाच्या वरच्या पाड्यावरच्या, भिल्ल घरातल्या. आमचा आदिवासी भाग, म्हणून कायद्यानं सरपंचपद त्यांच्यातल्याच माणसाला मिळतं. पण खुर्चीत त्या बसतात आणि बोलतात उपसरपंच, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही त्यांचा राग होता. हौदापुढे नारळ हातात धरून त्याच उभ्या होत्या. त्या हळू आवाजात, समोर न बघता म्हणाल्या, "माझी आई हाळातलं पाणी प्यायलेली आहे."

उपसरपंचांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"ती अजून पेला तोंडाला लावत नाही," त्या म्हणाल्या. "घरात पण नाही. ओंजळ करते." मग ग्रामसेवकांकडे वळून म्हणाल्या, "आक्कांचा नळ राहू द्या. तसं लिहा."

उपसरपंच त्यांच्या कानाशी वाकले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा वाकले. पुन्हा मान हलली. शेवटी ग्रामसेवकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत तात्पुरती परवानगी. 'तात्पुरती' हा शब्द उपसरपंचांनी घालायला लावला. हौद पुन्हा बांधायचा विषय मी काढला, तो पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा झाली, विषय निघाला नाही. मी काढला, पुन्हा ढकलला.

बाहेर आल्यावर मी सरपंचबाईंना गाठलं. म्हणणार होते की हेच त्या दिवशी जेसीबीपुढे म्हटलं असतंत तर. पण त्यांनी आधीच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मला फक्त फोटोला बोलावलं होतं. पाडणार आहेत हे मला तिथे कळलं." मला त्यांच्यावरचा राग सोडायचा नव्हता, पण तो हातातून निसटला. उरलेला मग उपसरपंचांच्या खात्यावर टाकला. तिथे जागा भरपूर आहे.

हौदाच्या चौथऱ्यावर आता कठडा बांधलाय आणि आत सिमेंटची रंगीत अक्षरं उभी केली आहेत, 'माझं गाव, सुंदर गाव'. लग्नाच्या वऱ्हाडातली पोरं तिथे फोटो काढतात. मग तहान लागली की रस्ता ओलांडून आक्काच्या भिंतीशी येतात.

ड्रम भरायचं काम तिचं, घासायचं माझं. हे ठरलेलं नाही, भांडून भांडून तसं झालंय. बाजाराच्या दिवशी तो दुपारच्या आतच संपतो. मग मी दुकानातून तांबे भरून देते, आणि मागची माणसं रिकाम्या तोटीकडे बघत जीपमध्ये चढतात. विहीर काठोकाठ भरलेली आहे. मी नाल्याकडे गेले की वाकून बघते. पाणी आहे. नुसतं तिथून इथपर्यंत यायची परवानगी नाही.

गेल्या आठवड्यात आक्काच्या मुलाचा सुरतहून फोन आला. त्याला कुणीतरी गावातून सांगितलं की तुझ्या आईनं भिंतीला नळ काढून नसती कटकट ओढवून घेतलीय, उद्या घर विकायचं म्हटलं तर अडचण होईल. तो तिला नळ बंद कर म्हणत होता. आक्का बराच वेळ ऐकून घेत होती, हे तिच्या स्वभावात बसत नाही. मग रस्ता ओलांडून आली आणि फोन माझ्या कानाला लावला. "सांग याले," म्हणाली.

मी सांगितलं. हाळाबद्दल सांगितलं, माठांबद्दल सांगितलं, त्याच्या आईनं ग्रामसभेत काय आवाज टाकला ते सांगितलं. तो सभ्य आहे, ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाभी, तुमचं सगळं पटतं. पण घर आमचं आहे ना."

दिवाळीत तो येणार आहे. आक्का म्हणते, "येवू दे, मी देखसू." मी म्हणते, तुम्ही नाही, मी बोलणार. यावरून काल आमचं पुन्हा भांडण झालं, ड्रम घासता घासता, तिच्या ओट्यावर.